पोत्यांना टेकून झोपणारा कुत्रा

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. बाबा नुसतं "चाल" म्हणायचे आणि तो निघायचा. धानाच्या बांधीवर, सिंदेवाहीच्या बाजारात, कोणाच्या लग्नाच्या मांडवात, जिथे बाबा तिथे तो. नाव ठेवा म्हणून मी मागे लागले की बाबा म्हणायचे, "त्याले मालूम आहे तो कोण आहे ते. तुले काऊन पायजे नाव?" तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, साधा गावठी कुत्रा. माझ्या लग्नात फोटोवाल्याने त्याला तीनदा हाकललं, तरी अल्बममध्ये बाबांच्या धोतरामागे त्याची शेपटी आहेच.

आमच्या गावात कुत्रं रात्री बाहेर ठेवत नाहीत. जंगल परसाच्या मागेच लागतं आणि बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं जेवण दुसरं नाही. ओसरीवर बांधलेल्या कुत्र्यांच्या सकाळी नुसत्या साखळ्या उरलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून आमचा दिवेलागणीलाच घरात यायचा आणि माजघरात बाबांच्या खाटेखाली पडायचा. मी चंद्रपूरला नोकरीला, भाड्याच्या घरात, नवऱ्यासोबत. गावी आईबाबा आणि तो. मला काळजी नव्हती.

बाबा गेले ते डिसेंबरात. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, आटोपलं होतं. विकायचं धान गेलं होतं आणि घरी खायला ठेवायची पाच पोती बाबांनी माजघरात भिंतीला लावून उभी केली होती. तोंडं त्यांनी स्वतः शिवली. या कामाला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. दाभण आणि सुतळी घेऊन बसायचे, टाका ओढायचे, शेवटी कोपऱ्याला पिळून एक गाठ मारायचे आणि पोत्याला दोन कान ठेवायचे, उचलायला. त्यानंतर आठवडाभरात ओसरीवर चहा पिता पिता त्यांची मान कलली. कपसुद्धा फुटला नाही. आई आत पोहे परतत होती आणि बाहेर येईपर्यंत सगळं झालं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, खाट ज्याला द्यायची त्याला दिली. खाट गेल्यावर कुत्र्याने दोन-चार दिवस माजघरात नुसत्या चकरा मारल्या. मग तो त्या पोत्यांपाशी गेला, हुंगलं आणि पाठ टेकून झोपला. तेव्हापासून तीच त्याची जागा. आईने ती पोती फोडली नाहीत. शेत भावकीतल्या एकाला अधेलीने, अर्ध्या वाट्यावर, दिलं होतं, त्याच्याकडून खायला धान यायचं, तेच ती कांडून आणायची. मी एकदा म्हटलं, "अगं, घरचं असताना बाहेरचं का खातेस?" तर ती म्हणाली, "राहू दे ना. तुह्या अंगावर बसून राह्यली का पोती?" शिवणीवर तिचा हात फिरताना मी पाहिला होता.

पुढचा पावसाळा सरता सरता कुत्रा खाजवायला लागला. आधी कानामागे, मग काखेत, मग पोटाला. मागचा पाय चालू झाला की थांबायचाच नाही. पुढे पंजे चावायला लागला. फोनवर आईचं बोलणं संपेपर्यंत मागे त्याच्या पायाचा जमिनीवर आपटण्याचा आवाज चालू असायचा.

"त्याले दुःख झालं," आई म्हणायची.

"दुःखाने कोणी खाजवतं का?"

"माणसाले रडता येते. त्याले काय येते?"

मला या बोलण्याचा राग यायचा. मी मुळातच तापट. पण खरं सांगायचं तर राग कुत्र्याच्या खाजेचा नव्हता. त्या घरात बाबांसाठी मनापासून दुःख करणारं आईच्या जोडीला कोणीतरी होतं, आणि ते मी नव्हते, याचा होता.

गावात वैद्यांना काय तोटा! शेजारच्या काकूंनी करंजाचं तेल दिलं. कोणी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालायला सांगितलं. आईने हळदही लावली. मी गेले तर दारात पिवळाधम्मक नवरदेव उभा. मी हसले, आईही हसली, आणि तो आमच्याकडे बघत बघत पायाने पोट खाजवत राहिला. एकाने ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डबाभर आणून दिलं, की हे चोपडा, खरूज एका दिवसात साफ. तो डबा मी रस्त्याच्या पलीकडे ठेवून आले. चाटलं असतं तर कुत्राच साफ झाला असता.

आईचा स्वतःचा उपाय वेगळाच. तिला वाटलं, फरशी टोचत असेल. तिने पोत्यांच्या पायथ्याशी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर घातला आणि त्यावर बाबांची जुनी गोधडी अंथरली. दर आठ दिवसांनी ती पोती पुढे ओढायची, मागचं सगळं झाडायची, नवं तणस घालायची. एवढी माया केली आणि तो अधिकच खाजवायला लागला.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे गाई-बैलांची रांग होती, तरी डॉक्टरांनी नीट पाहिलं, गोचीड-पिसवांचं औषध दिलं, इंजेक्शन दिलं. थोडे दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. थंडी आली तेव्हा त्याच्या पोटावर, काखेत केस उरले नव्हते. कातडी हत्तीसारखी काळी, जाड झाली होती आणि जिथे तिथे रक्ताळलेलं. वास यायचा. लोकांनी ओसरीवर बसणं सोडलं. काकूच एक दिवस आईला म्हणाल्या, "बाई, तुह्यापाशी नातवंडं येतीन-जातीन. जंगलात सोडून दे न त्याले. तो बी सुटते, तू बी सुटते."

जंगलात सोडणं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. एका रात्रीचं काम. आईने मला फोन केला आणि पहिल्यांदाच रडली. तेराव्यालाही अशी रडली नव्हती. "तुह्या बाबाच्या मागं मले एक जीव सांभाळता आला नाई," म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी करून गेले आणि कुत्र्याला चंद्रपूरला घेऊन आले. घरमालकाशी भांडण झालं, ते मी जिंकले. इथे कुत्र्या-मांजरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं तुटक, पण हात फार मऊ. त्यांनी त्याची कातडी तीन-चार जागी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "खरूज नाहीये," म्हणाल्या. मला तेव्हाच फोन उचलून साऱ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं. पिसवाही नव्हत्या. जखमांत झालेल्या संसर्गाला गोळ्या दिल्या, आंघोळीचं औषध दिलं आणि खाणं बदललं. काही कुत्र्यांना खाण्यातलं एखादं चालत नाही, तेव्हा काही आठवडे मी सांगेन तेवढंच द्यायचं, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही, म्हणाल्या.

आमच्या घरी तो हळूहळू सुधारला. पाय थांबला. काखेत मऊ लव आली. मी रोज फोटो काढून आईच्या शेजारच्या मुलीच्या फोनवर पाठवायचे, ती आईला दाखवायची. अंग सुधारलं, पण तो जेवायचा मात्र अर्धंच. दिवसभर दाराकडे तोंड करून पडायचा. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की उभा राहायचा, आणि ते पुढे गेलं की बसायचा. मी समजले, गावची आठवण. खाण्याचं गणित सुटलंय, आता घरी नेऊ. आईला सगळं पाठ करून दिलं. गावी पोचताच कुत्रा माझ्या हातातून निसटला आणि सरळ माजघरात, पोत्यांशी. आई खाली बसून त्याच्या पोटावरची नवी लव बघत राहिली.

पंधरा दिवसांत खाज परत.

मी आईला फोनवर नाही नाही ते बोलले. तू लपवून देत असशील. शिळं टाकत असशील. तुला त्याची दया येते आणि तुझी दयाच त्याला मारणार. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुह्या बाबाची शपथ. मी बी तेच खाऊन राह्यली जे त्याले देतो. एकट्यासाठी दोनदा कोण शिजवते?" कुत्र्याचं पथ्य ती स्वतःही पाळत होती.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले, या वेळी कुत्र्याशिवाय. त्यांनी विचारलं, घरात काय काय आहे? गालिचा, सोफा, उदबत्ती, रंग? मी म्हटलं, खेड्यातलं घर आहे हो, काही नाही. झोपतो कुठे? माजघरात. खाली काय? तणस, गोधडी. शेजारी काय? काही नाही. मग मी सहज म्हटलं, धानाची पोती आहेत, त्यांना टेकून झोपतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काही नाही म्हणालात."

आता कसं सांगू? आमच्या भागात माजघरातलं धान ही घरातली वस्तू नव्हेच. भिंत असते, छप्पर असतं, तसं धान असतं. घरात काय आहे असं विचारलं तर कोणी भिंत सांगेल का? जनावरांच्या दवाखान्यातही आम्ही सांगितलं नव्हतं, इथेही नाही. लपवलं नव्हतं. ते आम्हाला दिसतच नव्हतं.

"कधीचं धान?" त्यांनी विचारलं. मी हिशेब केला. वर्ष उलटून गेलं होतं, मध्ये एक अख्खा पावसाळा. त्या म्हणाल्या, पोत्यांच्या खालची थोडी धूळ पुडीत बांधून आणा.

ती पुडी मी आईला न सांगता आणली. काचेवर चिमूटभर धूळ ठेवून त्यांनी मला वाकून बघायला लावलं. आधी नुसते भुशाचे तुकडे दिसले. मग एक तुकडा चालायला लागला. मग दुसरा. पांढुरके, केसाळ पायांचे, डोळ्यांना न दिसणारे किडे, साऱ्या काचेवर. साठवणीतल्या ओल धरलेल्या धान्यात होतात, म्हणाल्या. त्यांच्या धुळीचंच काही कुत्र्यांना वावडं असतं. ती श्वासात जाते, अंगाला लागते, आणि खाज सुटते. मला एकदम आठवलं, बाबा दर उन्हाळ्यात पोती फोडून धान उन्हात घालायचे, उलटंपालटं करायचे, पुन्हा भरून शिवायचे. ते गेल्यावर कोणी घातलं नव्हतं. घालायचं तर शिवण उसवावी लागली असती. आणि आई पोती ओढून मागचं झाडायची, तेव्हा ती धूळ त्याच्या अंथरुणावरच उडत होती.

हे आईला सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती सूप घेऊन बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "धानानं कोणाले खाज सुटते का? सारं गाव धानातच जन्मते न् धानातच मरते."

"माणसाला नाही गं. त्याला सुटते."

"मंग मी काय करू?"

मी म्हटलं, पोती गोठ्यातल्या खोलीत ठेवू. तिने मान हलवली. दोन माणसं बोलावून आम्ही पोती तिकडे नेली, माजघर धुतलं, तणस जाळलं. संध्याकाळी कुत्रा घरात आला, रिकाम्या भिंतीशी उभा राहिला, हुंगलं, आणि वळून गोठ्याच्या दाराशी जाऊन बसला. आत ओढून आणलं की पुन्हा तिकडे. दार लावलं तर नखांनी दार ओरबाडायचा आणि असा आवाज काढायचा की काकूसुद्धा उठून आल्या. बिबट्याच्या भीतीने शेवटी आईनेच गोठ्याची खोली उघडली आणि त्याला पोत्यांजवळ जाऊ दिलं. सकाळी ती मला म्हणाली, "तुले सांगत होती न मी. दुःखच होय ते." तो बाबांच्या हाताने शिवलेल्या पोत्यांशी जाऊन झोपत होता आणि त्यामुळे झिजत होता. आईचं म्हणणं चुकलेलं नव्हतं, फक्त त्यात मधला किडा राहून गेला होता.

मग मी त्याला कायमचा चंद्रपूरला नेते म्हणाले. आईने विचारलं, "तिथी जेवते का तो?" अर्धंच जेवायचा. "अन् इथी मी कोणासंग बोलू?" तेही खरंच होतं. धान ठेवावं तर कुत्रा जाणार, कुत्रा ठेवावा तर धान जाणार. बाबांच्या मागे राहिलेल्या या दोनच गोष्टी, आणि एका घरात दोन्ही राहू शकत नव्हत्या. आईला मी काही सुचवलं नाही. मला धीरच झाला नाही.

दिवसभर ती कामं करत राहिली. दुपारी कुत्र्याच्या जखमा पुसताना त्याने तिचा हात चाटला, आणि ती त्याच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुहा मालक असता तर त्यानं धान ठेवला असता का? धान दर साल होते." मग मला म्हणाली, "पोती अंगणात आण."

मी कात्री घेतली. "कात्री ठेव तिकडे," ती ओरडली. तिने पहिल्या पोत्यापुढे बसकण मारली आणि कोपऱ्यातली पिळाची गाठ नखाने सोडवायला लागली. सुतळी आवळलेली, बोटं म्हातारी. मी मदतीला हात पुढे केला तर तिने झटकला. एक एक टाका तिने मागे ओढून काढला, कुठे तुटू दिला नाही. कुत्रा पोत्याला पाठ लावून बसला होता, त्याला तिने उठवलं नाही, त्याच्याभोवतीनेच उसवत राहिली. शेवटच्या पोत्याची सुतळी बाहेर आली तेव्हा तिने ती नुसती धरून ठेवली आणि मोठ्याने रडली. मीही रडले. बाबांनंतर आम्ही दोघी एकत्र रडलो ते त्या दिवशी, आणि काकू कुंपणापलीकडून बघत होत्या तरी आम्हाला लाज वाटली नाही.

अंगणभर धान पसरलं. कडक ऊन होतं. कुत्र्याला काकूंनी आपल्या घरी बांधून ठेवलं, त्याच काकूंनी. धान वाळलं, पाखडलं, काही काळं पडलेलं फेकलं आणि उरलेलं गिरणीवर नेलं. आई गिरणीतून बाहेर पडणाऱ्या तांदळाखाली हात धरून उभी राहिली. गावातल्या ओळखीच्या घरी तिने शेर-शेर वाटला आणि एका वेळेपुरता आमच्यासाठी ठेवला. रिकामी पोती मी जाळली.

त्या संध्याकाळी तिने तो भात टाकला. हे धान बाबांनी हट्टाने जपलेलं जुन्या वाणाचं होतं. पीक कमी यायचं, सारे हसायचे, पण त्याचा भात शिजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि वाटेने जाणारा विचारायचा, आज कोण पाहुणे? त्यासाठीच तर बाबा ते लावायचे. कुत्रा धुतलेल्या माजघरात, भिंतीपासून जरा दूर पडला होता. आईने भाताचं झाकण काढलं आणि वाफेत तोंड घातलं. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

"इथी ये," ती म्हणाली. "पाह्य बरं, येते का वास?"

मी वाकले. वाफ गरम होती. वास होता तो साध्या भाताचा, कुठल्याही घरी येतो तसा. धान ठेवून ठेवून जुनं झालं होतं आणि तो वास उडून गेला होता.

"येतो ना," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग भाताकडे.

"मंग मलेच नाई येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि तिने झाकण ठेवून दिलं.